स्प्रिंग ब्रेक : जुन्या बस-कॅराव्हॅनमधील दोषशोध

स्प्रिंग ब्रेक म्हणजे हवेच्या दाबाने सुटणारा आणि दाब गेला की आपोआप लागणारा पार्किंग ब्रेक. एअर ब्रेकच्या बस, ट्रक आणि जुन्या बसची बॉडी बदलून केलेली कॅराव्हॅन यांच्या मागच्या चाकांवर तो असतो. टेम्पो ट्रॅव्हलरच्या आकाराच्या गाड्यांत ऑइल ब्रेक आणि तारेने ओढायचा हँड ब्रेक असतो. त्या गाड्यांना ही नोंद लागू नाही.

रचना : ब्रेक चेंबरचे दोन कप्पे असतात. पुढच्या कप्प्यात पायाच्या ब्रेकची हवा येते, तर मागच्या कप्प्यात एक जाड स्प्रिंग दाबून बसवलेली असते. चालकाजवळच्या व्हॉल्वने हँड ब्रेक (म्हणजे हाच पार्किंग ब्रेक) सोडला की या मागच्या कप्प्यात हवा भरते, स्प्रिंग आणखी दबते आणि चाक मोकळे होते. हँड ब्रेक लावला किंवा पाइप फुटला की तीच हवा निघून जाते. मग स्प्रिंग दांडा पुढे ढकलते, स्लॅक ॲडजस्टर (दांड्याला जोडलेली, ढिलाई काढता येणारी तरफ) एस-कॅम, म्हणजे ‘एस’ आकाराच्या टोकाचा शाफ्ट, फिरवतो आणि लायनर (घर्षणाच्या पट्ट्या) चाकाच्या ड्रमला घट्ट धरतात. हवा गेली की ब्रेक लागलाच पाहिजे, हे तत्त्व जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ मध्ये रेल्वेच्या स्वयंचलित ब्रेकसाठी वापरले होते. रस्त्यावरच्या गाड्यांत ते स्प्रिंगच्या रूपाने आले. टाकीत पूर्ण भरल्यावर साधारण ७ ते ८ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब असतो. मागच्या कप्प्याला ५ ते ५.५ किलो मिळाल्याशिवाय स्प्रिंग पूर्ण दबत नाही. नेमका आकडा चेंबरच्या बनावटीनुसार थोडा बदलतो.

यातून दोषशोधाचा पहिला नियम मिळतो. जाम झालेला स्प्रिंग ब्रेक बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. हवा कमी पडल्यावर त्याने जे करायला हवे, तेच तो करत असतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी प्रेशरचा काटा पाहायचा, मग कान लावायचा, मग हात फिरवायचा. घाईचा मिस्त्री थेट चेंबर उतरवतो आणि मालकाचा खर्च वाढतो.

इंदूरमधील संदर्भ : इंदुरात हा विषय दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. माळव्याच्या पठारावरचे हे शहर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. पुण्या-नाशिककडे जाणारी गाडी आग्रा-मुंबई रस्त्याने मानपूरपुढे घाट उतरून निमाडात येते, खलघाटला नर्मदा ओलांडते आणि सेंधव्यापुढे पुन्हा बिजासनचा घाट उतरते. धामनोदजवळचा गणपती घाट ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांमुळे वर्षानुवर्षे बातम्यांत राहिला आहे. दुसरे कारण घरगुती आहे. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांतल्या मराठी कुटुंबांचे नातलग महाराष्ट्रात असतात. लग्नकार्य, कुलदैवत, पंढरपूर अशा निमित्ताने अख्खे घर निघते, आणि अशा प्रवासासाठी जुनी बस घेऊन तिच्यात ओटा, बिछाने, पाण्याची टाकी बसवण्याचा विचार होतो. मात्र अशी गाडी वर्षातून थोडेच दिवस चालते. पावसाळाभर ती झाडाखाली उभी असते, आणि ब्रेकचे अर्धे आजार या उभे राहण्यातून येतात.

ब्रेक सुटत नाही : ही सर्वांत जास्त येणारी तक्रार आहे. काट्यावर दाबच चढत नसेल तर दोष कॉम्प्रेसर, अनलोडर व्हॉल्व (टाकी भरल्यावर जादा हवा बाहेर सोडणारा), एअर ड्रायर (हवेतला ओलावा काढणारा) किंवा गळती यांपैकी कुठेतरी असतो. साबणाचे पाणी सांध्यांवर सोडले की बुडबुडे जागा दाखवतात. कॅराव्हॅनमध्ये नायलॉनचे पाइप आधी तपासावेत. फर्निचर बसवताना सुताराने मारलेला स्क्रू, पाण्याच्या टाकीच्या पट्टीला घासणारा पाइप, उभ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेला पाइप ही नेहमीची कारणे आहेत. दरवाजाचा सिलिंडर किंवा एअर हॉर्न यांच्यासाठी ब्रेकच्या टाकीतून जोड काढला असेल तर तो जोड बंद करून पुन्हा दाब पाहावा. असे जोड ब्रेकच्या टाकीवर असूच नयेत.

काट्यावर दाब पूर्ण आहे, तरी चाक धरलेलेच आहे, अशी स्थिती अधिक फसवी असते. सिस्टम प्रोटेक्शन व्हॉल्व पायाच्या ब्रेकच्या टाक्या आधी भरतो आणि मग हँड ब्रेकच्या वाटेला हवा सोडतो. तो अडकला तर काटे भरलेले दिसतात आणि मागे काहीच पोहोचत नाही. जुन्या रबरी होजचे आतले अस्तर फुगून वाट बंद होणे हाही असाच लपलेला दोष आहे. निरोगी गाडीत हँड ब्रेक लावताच मागच्या एक्सलपाशी क्विक रिलीज व्हॉल्वमधून (चेंबरची हवा तिथल्या तिथे झटकन बाहेर सोडणारा) जोराचा, छोटा ‘फुस्स’ असा आवाज येतो. तो लांबलेला आणि मरगळलेला असेल तर आधी होज आणि मग तो व्हॉल्व तपासावा.

हँड ब्रेक सोडताना दुसऱ्या माणसाने चेंबरच्या दांड्याकडे पाहावे. दांडा आत गेला आणि तरीही चाक फिरले नाही, तर हवेचा काही दोष नाही. लायनर ड्रमला गंजून चिकटले आहेत किंवा एस-कॅमचे बुश कोरडे पडले आहेत. पावसाळ्यानंतर हे हमखास घडते. चाकांना गुटके लावून ड्रमवर हातोडीने सर्व बाजूंनी ठोकले की चिकटलेले लायनर बहुधा सुटतात. इंजिनाच्या जोराने गाडी ओढून सोडवणे टाळावे. लायनर बुडापासून उखडू शकतो.

पायाच्या व्हॉल्वखालून हवा : हँड ब्रेक सोडल्यावर पायाच्या व्हॉल्वमधून (गाडीत रिले व्हॉल्व, म्हणजे पायाच्या व्हॉल्वच्या इशाऱ्यावर मागच्या चेंबरना हवा देणारा व्हॉल्व, असेल तर त्यातून) हवा सुटू लागते आणि हँड ब्रेक लावताच थांबते. हे लक्षण ओळखता आले पाहिजे, कारण यात निर्दोष व्हॉल्व बदलला जातो आणि गळती तशीच राहते. दोष असतो चेंबरच्या दोन कप्प्यांमधल्या सीलचा. मागच्या कप्प्याची हवा त्यातून पुढे झिरपते आणि उलट्या वाटेने व्हॉल्वपर्यंत येऊन बाहेर पडते. कोणते चेंबर दोषी आहे, हे एकेका बाजूचा पुढच्या कप्प्याचा पाइप सोडून पाहिले की कळते.

चढावर गाडी धरत नाही : युरोपच्या ब्रेक नियमावलीत पार्किंग ब्रेकने भरलेली गाडी १८ टक्के चढणीवर धरून ठेवावी अशी अट आहे. जुनी गाडी त्याच्या निम्म्या चढावरही सरकत असेल तर प्रथम स्लॅक ॲडजस्टर पाहावा. स्प्रिंग जितकी जास्त उलगडते तितका तिचा जोर घटतो. त्यामुळे दांडा फार लांब बाहेर येत असेल तर स्प्रिंग चांगली असूनही पकड ढिली पडते. हबचे सील गळून लायनर तेलकट होणे आणि स्प्रिंगच तुटणे ही पुढची कारणे. तुटलेली स्प्रिंग कधी कधी चेंबरमध्ये खडखडते.

आणखी एक कारण माणसाने निर्माण केलेले असते. रस्त्यात गाडी जाम झाली की चेंबरमागचा रिलीज बोल्ट फिरवून स्प्रिंग दाबलेली धरून ठेवतात, म्हणजे चाक मोकळे होते. गाडी बाजूला घेण्यापुरता हा उपाय योग्य आहे. पण बोल्ट तसाच ठेवून गाडी वापरली तर तिला पार्किंग ब्रेकही उरत नाही आणि हवा गेल्यावरचा आधारही उरत नाही. असा बोल्ट लावून मानपूरचा घाट उतरणे हा सरळ गुन्हा समजावा. जुनी गाडी विकत घेताना खाली वाकून दोन्ही बोल्ट पाहिलेच पाहिजेत. बोल्ट फिरवण्यापूर्वी चाकांना गुटके हवेतच. हवेसाठी दुसरा मार्गही आहे : इंदूरच्या देवास नाक्याकडे एखाद्या ट्रकच्या टाकीतून पाइपने हवा घेऊन गाडी सोडवता येते, आणि तो बोल्टपेक्षा बरा.

चेंबरचा मागचा डबा मात्र कोणीही, कोणत्याही कारणाने उघडू नये. आतली स्प्रिंग शेकडो किलोच्या जोराने दबलेली असते आणि क्लॅम्प सुटताच झाकण गोळीसारखे बाहेर येते. अशा अपघातांत मिस्त्री दगावले आहेत. चेंबर खराब झाले की अख्खे बदलावे.

देखभाल : हवेतली वाफ टाकीत पाणी होऊन साचते, त्याने व्हॉल्व गंजतात. टाकीखालचे ड्रेन नियमित उघडावेत. उभ्या गाडीचे इंजिन अधूनमधून चालू करून पूर्ण दाब येऊ द्यावा, हँड ब्रेक काही वेळा सोडून लावावा आणि गाडी थोडी पुढे-मागे घ्यावी.

अमेरिकी मोटारहोमशी फरक : शेवरोलेच्या पी-३० चासीवरील जुन्या अमेरिकी मोटारहोममध्ये ‘ऑटो पार्क’ नावाची व्यवस्था असे. तत्त्व हेच, पण हवेऐवजी तेल. स्प्रिंग ब्रेक लावते आणि तेलाचा दाब तो सोडतो. सुरुवातीला हा दाब पॉवर स्टिअरिंगच्या पंपातून घेतला जाई, नंतर विजेवरचा पंप आला. त्यामुळे तिथे दोषशोधाची सुरुवात प्रेशर स्विच, फ्यूज आणि तेलाची पातळी यांपासून होते. दुसरा फरक जास्त धोक्याचा आहे. तो ब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्समागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. म्हणून मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरेन्शियलमुळे ते मोकळे फिरते, आणि ब्रेक लागलेला असूनही गाडी जॅकवरून सरकू शकते.