शेअरपॉइंट सर्व्हरवरचा इनकमिंग ईमेल

शेअरपॉइंट म्हणजे मायक्रोसॉफ्टचं, संस्थेतली कागदपत्रं आणि माहिती एकत्र ठेवायचं सॉफ्टवेअर. त्यातल्या एखाद्या डॉक्युमेंट लायब्ररीला, कॅलेंडरला किंवा डिस्कशन बोर्डाला स्वतःचा ईमेल पत्ता देता येतो, आणि त्या पत्त्यावर मेल टाकला की तो अटॅचमेंटसकट थेट तिथे जमा होतो, साइट उघडायचीही गरज नाही, या सोयीला इनकमिंग ईमेल म्हणतात. २००७ च्या आवृत्तीपासून सर्व्हर एडिशन्समध्ये ती आहे, शेअरपॉइंट ऑनलाइन या क्लाउडवरच्या आवृत्तीत मात्र नाही, तिथे लोक पॉवर ऑटोमेट हे कामं आपोआप करून घ्यायचं टूल वापरून तेच काम करून घेतात.

सेटअप करण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी, की शेअरपॉइंट स्वतः मेल घेतच नाही. पोर्ट २५ वर मेल घेते ती विंडोजची एसएमटीपी सर्व्हिस (एसएमटीपी म्हणजे मेलची देवाणघेवाण करायची पद्धत), ती प्रत्येक मेलची ईएमएल फाइल, म्हणजे अख्खा मेल साठवलेली फाइल, ड्रॉप नावाच्या फोल्डरमध्ये टाकते आणि तिचं काम तिथेच संपतं. मग शेअरपॉइंटचा टायमर जॉब, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप चालणारं काम, जे डीफॉल्टला दर मिनिटाला चालतं, तो फोल्डर बघतो, पत्त्यातल्या ॲट चिन्हाआधीच्या भागावरून लिस्ट (म्हणजे ती लायब्ररी, कॅलेंडर किंवा बोर्ड) शोधतो आणि मेल तिथे टाकतो. म्हणून मेल पोचला नाही की आधी ड्रॉप फोल्डर बघायचा. फाइल्स साचून राहिल्या असतील तर बहुतेक टायमर सर्व्हिस किंवा फोल्डरच्या परमिशन्समध्ये गडबड असते, आणि मेल पाठवल्यावर तिथे काहीच येत नसेल तर एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे जायचा हे सांगणारी डीएनएस नोंद), एक्सचेंज या मेल सर्व्हरचा बाहेर मेल पाठवणारा सेंड कनेक्टर, फायरवॉल असं मागे मागे तपासत जायचं. सर्व्हर रिस्टार्ट झाल्यावर मेल बंद पडण्याचं एक साधं कारण म्हणजे एसएमटीपी सर्व्हिस मॅन्युअलवर राहिलेली असणं, ती ऑटोमॅटिक करून टाकावी.

बाकी सेटिंग सेंट्रल ॲडमिनिस्ट्रेशन या शेअरपॉइंटच्या ॲडमिन साइटमध्ये होतं, ऑटोमॅटिक मोड बहुतेकांना पुरतो, ॲडव्हान्स्डमध्ये ड्रॉप फोल्डर आपण सांगायचा. डिरेक्टरी मॅनेजमेंट सर्व्हिस चालू केली तर प्रत्येक पत्त्याचा कॉन्टॅक्ट ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे विंडोज नेटवर्कवरच्या युजर्सच्या यादीत, आपोआप तयार होतो, पण त्यासाठी तिथे वेगळं ओयू (ऑर्गनायझेशनल युनिट, म्हणजे फोल्डरसारखा कप्पा) करून सेंट्रल ॲडमिनिस्ट्रेशन ज्या अकाउंटखाली चालतं त्याला त्यावर हक्क द्यावे लागतात.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते सिक्युरिटीकडे. लिस्टच्या सेटिंगमध्ये दोन पर्याय असतात, लिस्टच्या परमिशनप्रमाणे मेल घ्या किंवा कुणाचाही घ्या, आणि घाईत दुसरा निवडला की लायब्ररी स्पॅमला मोकळी. पहिला निवडला तरी तपासणी फक्त फ्रॉम पत्त्यावरून होते आणि तो पत्ता खोटा घालणं अवघड नाही, त्यामुळे फक्त आपल्या मेल सर्व्हरकडूनच मेल घेण्याची सेफ सर्व्हर लिस्ट भरायलाच हवी, ही पायरी अजिबात सोडू नये.

विंडोजची ही एसएमटीपी सर्व्हिस मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०१२ पासून डेप्रिकेटेड, म्हणजे पुढे काढली जाणारी, ठरवली आणि विंडोज सर्व्हर २०२५ मधून काढूनच टाकली, तेव्हा तिकडे जायचा विचार असेल तर मेल घेऊन ड्रॉप फोल्डरमध्ये टाकणारं दुसरं काहीतरी आधीच शोधून ठेवावं लागेल.