येऊरचा वाघोबा आणि डोंगराचं कूळ

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर वाघबीळ नावाचा थांबा आहे. रोज तिथं उतरणाऱ्या कितीजणांना त्या नावातला वाघ जाणवत असेल? मागच्या येऊरच्या डोंगरावर पहिल्यांदा कुदळ चालवणाऱ्यांना मात्र तो विसरणं परवडणारं नव्हतं. वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांनी उतारावर नागली-वरई पेरली, खाली खाचरात भात लावला. रान वाघाचं, आपण त्याची जमीन कसणारं कूळ, ही समजूत त्यांच्या सगळ्या रीतींच्या मुळाशी दिसते.

वारल्यांची कथा आहे. लग्नाआधी एका बाईला मूल झालं. ते वाघाचं रूप घेऊन गुरं मारू लागलं, लोक चिडले. शेवटी आईनंच मध्यस्थी केली: गावानं त्याला थान, म्हणजे देवस्थान, द्यायचं, वर्षातून एकदा नैवेद्य द्यायचा आणि त्यानं गुरामाणसाला सांभाळायचं. तपशील पाड्यागणिक बदलतात, करार तोच राहतो. तो नैवेद्य म्हणजे वाघबारस. शहरात आश्विन वद्य द्वादशीला वसुबारस म्हणून गायवासराला ओवाळतात, त्याच दिवशी गुराखी रानात खीर शिजवून वाघोबाला दाखवतात. मला तर हा कुळानं मालकाला द्यायचा खंडच वाटतो, वर्षाकाठी न चुकता भरलेला. वाघोबा बहुतेक वेळा साधा असतो: शेंदूर फासलेली फळी किंवा दगड, त्यावर वाघ, चंद्र, सूर्य आणि नाग कोरलेले.

रानातून काय कधी घ्यायचं, यालाही बंधन होतं. पावसाच्या पहिल्या सरींनी फोडशी उगवते, तिलाच कोळी भाजी म्हणतात. ती आधी देवाला, मग आपल्या तोंडाला. नव्या भाताचंही तसंच. कणसरी ही धान्याची देवी. तिचा मान राखला नाही तर ती रुसून निघून जाते, म्हणून भगत, म्हणजे पाड्याचा पुजारी, रात्रभर घांगळी या तंतुवाद्यावर तिची गाणी म्हणतो. एका पावसावर वर्ष अवलंबून असणाऱ्या माणसाची ही भीती मला खोटी वाटत नाही.

मग दुसरा मालक आला: इंग्रज सरकार. भाताची रोपं तयार करायला उन्हाळ्यात शेण, ऐनाचे टहाळ, पाला आणि गवत वाफ्यावर पसरून पेटवतात, त्याला राब म्हणतात. 1878 च्या वन कायद्यानंतर जंगलखातं टहाळ तोडण्यावर बंधनं घालू लागलं. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत या राबावरून इतका असंतोष झाला, की मुंबई सरकारला 1885 मध्ये वन आयोग नेमावा लागला. या मालकाशी करार करून देणारी आई कोणत्याच कथेत नव्हती.

या श्रद्धांची काळी बाजूही होती आणि ती झाकून चालणार नाही. पीक बुडालं, मूल दगावलं की एखाद्या बाईला भुताळी, म्हणजे चेटकीण, ठरवायचं आणि तिचा छळ करायचा. वाघोबाला खीर देणाऱ्या पाड्यांतही हे घडलं. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये आला, तो अशाच बायकांना वाचवण्यासाठीही.

येऊरच्या रानात आता वाघ उरला नाही, बिबट्या आहे. पाड्यांवरची जुनी माणसं त्यालाही वाघच म्हणतात, आणि बारशीची खीर त्याच्याच नावानं शिजते.