आमदारकीचा उमेदवार आणि त्याची धोरणविषयक भूमिका : 1937 पासूनची पार्श्वभूमी

विधानसभेची निवडणूक लागली की उमेदवारी अर्जासोबत नमुना 26 चे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. त्यात उमेदवाराची, त्याच्या जोडीदाराची आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांची मालमत्ता वेगवेगळ्या रकान्यांत भरलेली असते. सोने किती ग्रॅम, गाडी कोणती आणि कोणत्या वर्षी घेतली, शेतजमिनीचा गट क्रमांक कोणता, बँकेचे कर्ज किती थकले आहे, कोणत्या पोलीस ठाण्यात कोणत्या कलमाखाली गुन्हा दाखल आहे, हे सारे मतदाराला वाचता येते. पण शेतमालाचा भाव, सरकारी शाळा, गृहनिर्माण किंवा पाणीवाटप यांवर त्याचे म्हणणे काय आहे, हे सांगणारा एकही रकाना त्यात नाही. मतदाराला उमेदवाराचे धन कळते, पण मत कळत नाही. ही स्थिती एका दिवसात आलेली नाही आणि ती नेहमीच अशी होती, असेही नाही.

1935 च्या कायद्यानुसार 1937 च्या आरंभी मुंबई प्रांतिक विधानसभेची निवडणूक झाली. त्याआधीच्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला होता आणि शेतकरी कुळांचे व कामगारांचे संरक्षण हा त्या पक्षाच्या जाहीरनाम्याचा गाभा होता. कोकणातल्या खोती पद्धतीत खोत हा सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये बसलेला होता आणि कुळाला आपल्या कसणुकीची शाश्वती नव्हती. निवडून आल्यावर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले आणि जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा व्हायला 1949 साल उजाडावे लागले. तरीही उमेदवार असताना घेतलेली भूमिका आणि सभागृहात केलेले काम यांत किती कमी अंतर असू शकते, याचा हा आपल्याकडचा सर्वांत स्वच्छ दाखला आहे, असे मला वाटते.

त्यानंतर वीस वर्षांनी, 1957 मध्ये, सगळी निवडणूकच एका प्रश्नावर लढली गेली. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा की मराठी आणि गुजराती भाषकांचे एकत्र, द्वैभाषिक राज्य चालेल, या प्रश्नाला बगल देणे उमेदवाराला शक्यच नव्हते. फेब्रुवारी 1956 मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, रिपब्लिकन विचाराची मंडळी आणि जनसंघ असे परस्परांशी न पटणारे पक्ष एकत्र आले होते. एस. एम. जोशी पुण्यातून आणि आचार्य अत्रे दादरमधून विधानसभेत गेले, तर मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांना कराडमध्ये अगदी थोड्या मतांनी जागा राखता आली. मात्र 1 मे 1960 रोजी राज्य मिळाल्यावर समितीला बांधून ठेवणारा धागा सुटला. जमीन, उद्योग, सहकार यांवर घटक पक्षांचे एकमत नव्हते आणि 1962 च्या निवडणुकीत 264 पैकी 215 जागा काँग्रेसने जिंकल्या.

एकाच पक्षाचे एवढे बळ असल्यावर धोरणाची खरी चर्चा निवडणुकीच्या मैदानापेक्षा पक्षांतर्गत आणि सभागृहात होऊ लागली. रोजगार हमी योजना त्यातूनच आली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तिचा पहिला प्रयोग तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात केला, 1972 च्या दुष्काळात तिची निकड साऱ्या राज्याला कळली, विरोधी बाकांवरच्या सदस्यांनीही ती लावून धरली आणि 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. तिचा खर्च भागवण्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला. आजही नोकरदाराच्या पगारचिठ्ठीत महिन्याला 200 रुपयांची आणि फेब्रुवारीत 300 रुपयांची जी कपात दिसते, तिचे मूळ तिथे आहे. आमदारांनी ग्रामीण मजुराच्या हक्कासाठी शहरी पगारदारावर कर लावायला संमती दिली, ही साधी गोष्ट नव्हती.

पुढच्या काळात दोन गोष्टींनी वैयक्तिक उमेदवाराच्या भूमिकेची किंमत घटवली. पहिली म्हणजे 1985 ची बावन्नावी घटनादुरुस्ती, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा. तिने घटनेत आणलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार पक्षादेशाविरुद्ध मतदान करणाऱ्या, किंवा मतदानाला गैरहजर राहणाऱ्या सदस्याचे पद जाऊ शकते, जर पक्षाने पंधरा दिवसांच्या आत त्याला माफ केले नाही तर. घाऊक पक्षांतराला आळा घालणे हा हेतू योग्यच होता; 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा कायदा वैध ठरवला. पण त्याचा परिणाम असा झाला की पाणी असो वा वीज, पक्षाचा आदेश निघाल्यावर आमदाराला स्वतःचे वेगळे मत सभागृहात नोंदवण्याची वाटच उरली नाही. दुसरी गोष्ट आमदार स्थानिक विकास निधीची, म्हणजे मतदारसंघातली कामे सुचवण्यासाठी आमदाराला मिळणाऱ्या सरकारी पैशाची. हा निधी आज वर्षाला 5 कोटींपर्यंत गेला आहे आणि त्यामुळे उमेदवाराच्या पत्रकावर सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे आणि व्यायामशाळा यांची यादी दिसते. कायदे करण्यासाठी निवडायच्या माणसाची ओळख कामे आणणारा माणूस अशी होऊन बसली.

भूमिका पक्षाकडे गेली आणि पक्षाची भूमिका हळूहळू आश्वासनाच्या रूपात व्यक्त होऊ लागली. 1995 मध्ये शिवसेना-भाजप युतीने एक रुपयात झुणका-भाकर, झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे आणि दाभोळचा एन्रॉन वीजप्रकल्प रद्द करणे, अशी ठसठशीत वचने दिली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द झाला, पण फेरवाटाघाटी होऊन काही महिन्यांतच तो पुन्हा मार्गी लागला. त्याच निवडणुकीत 45 अपक्ष निवडून आले होते आणि कोणत्याही पक्षाला बहुमत नसल्याने त्यांना मोठे मोल आले. 2004 मध्ये सुशीलकुमार शिंदे यांच्या काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी सरकारने निवडणुकीच्या तोंडावर कृषिपंपांना मोफत वीज दिली आणि त्याच आघाडीच्या पुढच्या सरकारने 2005 मध्ये ती बंद केली. शून्य रकमेचे बिल हातात घेतलेल्या शेतकऱ्याला वर्षभरात पुन्हा पैसे भरावे लागले, हे मराठवाडा-विदर्भात अनेकांच्या स्मरणात आहे.

या काळात सर्वोच्च न्यायालयाने मतदाराच्या माहितीचा अधिकार वाढवला, हेही नोंदवले पाहिजे. 2 मे 2002 आणि 13 मार्च 2003 च्या निकालांमुळे गुन्हे, संपत्ती आणि शिक्षण जाहीर करणे सक्तीचे झाले. जाहीरनाम्यांबाबत 5 जुलै 2013 च्या निकालात निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे आखण्यास सांगण्यात आले आणि आश्वासनामागची भूमिका व खर्च भागवण्याचे मार्ग ढोबळमानाने तरी सांगितले जावेत, अशी अपेक्षा आचारसंहितेत आली. ही अपेक्षा पक्षांकडून आहे. उमेदवाराला ती लागू होत नाही.

2024 च्या निवडणुकीत 288 जागांसाठी 4,136 उमेदवार होते. लाडकी बहीण योजनेचे महिन्याला 1,500 रुपये जुलैपासून लागू झाले होते; महायुतीने 2,100 आणि महाविकास आघाडीने 3,000 रुपयांचे वचन दिले. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात त्याहून कमी दर मिळत असल्याने लातूरपासून वाशीमपर्यंत तो कळीचा मुद्दा झाला. तिथे उमेदवाराला गावातल्या पारावर थांबवून भाव विचारला जात होता, आणि उत्तर पक्षाच्या जाहीरनाम्यातले येत होते.

सभागृहातली नोंदही मतदाराच्या फारशी हाती लागत नाही. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. 12 नोव्हेंबर 2014 रोजी देवेंद्र फडणवीस सरकारवरचा विश्वासदर्शक ठरावही आवाजी मतदानानेच संमत झाला होता, त्यामुळे कोणत्या सदस्याने काय कौल दिला हे कागदावर आले नाही. नक्षलवादाशी जोडलेल्या संघटनांच्या बेकायदा कृत्यांना आळा घालण्यासाठी म्हणून आणलेले विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै 2024 मध्ये, म्हणजे निवडणुकीच्या चार महिने आधी, मांडले गेले होते. उमेदवारांना त्यावर प्रश्न विचारायला पुरेसा वेळ होता, पण प्रचारात त्याची चर्चा फारशी झाली नाही. निवडणुकीनंतर ते पुन्हा मांडले गेले, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले आणि 10 जुलै 2025 रोजी विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाले. त्या वेळी विधानसभेत उभे राहून उघड विरोध नोंदवणारे आमदार एकच होते, डहाणूचे विनोद निकोले.