चोरीला गेलेला मोबाईल सीईआयआरवर ब्लॉक कसा करायचा

मोबाईल गेला की बहुतेक जण पोलीस ठाण्यात अर्ज देतात, नवं सिम काढतात आणि विषय तिथेच सोडतात. हँडसेट मात्र दुसऱ्याचं सिम घालून आरामात चालू राहतो. तो देशभरातल्या सगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर बंद पाडायची सोय दूरसंचार विभागाच्या सीईआयआर या केंद्रीय नोंदवहीत आहे. २०१९च्या सप्टेंबरमध्ये ती मुंबईत सुरू झाली. सुरुवातीला महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेलीपुरती होती. मे २०२३मध्ये 'संचार साथी' पोर्टल आलं तेव्हा देशभर खुली झाली. अर्जाला पैसे लागत नाहीत. एजंटाला तर अजिबात देऊ नका.

अर्ज कोणीही करू शकतो, पण हँडसेटचा आयएमईआय क्रमांक हवाच. प्रत्येक हँडसेटची ओळख असलेला हा १५ अंकी क्रमांक खोक्यावर आणि बहुतेक वेळा बिलावर छापलेला असतो. फोन हातात असताना *#०६# डायल केलं की स्क्रीनवर दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात. इथेच सर्वात मोठी चूक होते : लोक एकच भरतात आणि फोन दुसऱ्या स्लॉटवर चालू राहतो. त्यामुळे आजच, फोन हातात आहे तोवर, दोन्ही क्रमांक कागदावर लिहून घरात ठेवा. त्याच फोनमध्ये फोटो काढून ठेवला तर ऐन वेळी उपयोग नाही.

कामाचा क्रम महत्त्वाचा. बँक आणि डेटाची तातडीची कामं (ती खाली दिली आहेत) उरकली की आधी पोलीस. चोरी असेल तर गुन्हा नोंदवा. नुसता गहाळ झाला असेल तर हरवल्याची नोंद पुरते आणि महाराष्ट्रात ती ऑनलाइनही करता येते. पोचपावतीवर तक्रार क्रमांक, तारीख आणि पोलीस ठाण्याचं नाव स्पष्ट आहे ना, ते तिथेच बघा. आयएमईआयही तक्रारीत लिहायला सांगा. मग त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम घ्या. सिम ज्याच्या नावावर आहे त्यालाच ते मिळतं. वडिलांच्या आधारवर घेतलेलं सिम मुलगा वापरत असेल, तर सिम कंपनीच्या गॅलरीत वडिलांनाच जावं लागतं. नवीन सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. ही दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार फसवणूक टाळण्यासाठी केलेली व्यवस्था आहे. ओटीपी येत नाही म्हणून अनेक जण अर्ज अर्धवट सोडतात, तो याचमुळे. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. सिम बदलल्यावर ७ दिवस नंबर पोर्टही करता येत नाही.

आता संचार साथी पोर्टलवर हरवलेला किंवा चोरीला गेलेला मोबाईल ब्लॉक करण्याचा फॉर्म उघडा. त्यात मोबाईल नंबर, दोन्ही आयएमईआय, कंपनी, मॉडेल, फोन कुठे आणि कधी गेला ते, राज्य, जिल्हा, पोलीस ठाणे आणि तक्रार क्रमांक भरायचा. सोबत तक्रारीची प्रत, ओळखपत्र (आधार, पॅन, परवाना यांपैकी एक) आणि असेल तर खरेदीचं बिल अपलोड करायचं. शेवटी ओटीपी टाकला की विनंती क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा : अर्जाची स्थिती त्यावरच कळते आणि फोन सापडल्यावर अनब्लॉकही त्यावरच होतो. 'विनंती आधीच अस्तित्वात आहे' असं आलं तर घाबरू नका. अनेकदा पोलीस ठाण्यानेच तुमच्या वतीने नोंद केलेली असते. ठाण्यात विचारून त्यांचा क्रमांक घ्या.

साधारण २४ तासांत फोन बंद होतो. यानंतर कोणी त्यात सिम टाकलं तर माहिती पोलिसांपर्यंत जाते. ब्लॉक केल्यामुळे शोध थांबत नाही. मात्र ब्लॉक फक्त मोबाईल नेटवर्कवर असतो. वाय-फायवर फोन चालतोच आणि आतला डेटाही तसाच राहतो. म्हणून बँकेला कळवून यूपीआय बंद करणं आणि गुगल किंवा अॅपलच्या खात्यातून फोन दुरून पुसणं ही कामं वेगळी, आणि सिम-पोलिसांच्या फेऱ्यांआधीची. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

फोन परत मिळाला की पोलिसांना कळवा आणि विनंती क्रमांक टाकून अनब्लॉक करा. तसं केलं नाही तर आपलाच फोन बिनसिमचा पडून राहील.

जुना फोन विकत घेण्याआधी इंग्रजीत केवायएम, एक जागा सोडून १५ अंकी आयएमईआय असा एसएमएस १४४२२ला पाठवा. काळ्या यादीत, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं उत्तर आलं तर तो फोन घेऊ नका. आयएमईआयमध्ये फेरफार हा दूरसंचार कायदा २०२३नुसार गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

याच पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही बघता येतं. एका व्यक्तीला ९ पर्यंत मुभा आहे. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्य भारतात ६. अनोळखी नंबर दिसला तर 'माझा नंबर नाही' निवडा, पण आधी घरात विचारा. नंबर अर्धवट झाकलेले दिसतात आणि आईला आपल्याच आधारवर घेऊन दिलेलं सिम चटकन ओळखू येत नाही. घाईत टिक केली तर तिचाच फोन बंद पडण्याची वेळ येते. स्वतःचं पण आता नको असलेलं सिम असेल तर 'गरज नाही' हा वेगळा पर्याय आहे.

संचार साथीचं अॅप जानेवारी २०२५मध्ये आलं. नव्या फोनमध्ये ते आधीच टाकून देण्याचा सरकारी आदेश त्याच वर्षी खासगीपणाच्या आक्षेपांनंतर डिसेंबरमध्ये मागे घेतला गेला, आणि ते योग्यच झालं. कोणाचाही फोन बंद करू शकणारी यंत्रणा लोकांच्या मर्जीने वापरली जायला हवी. वर सांगितलेली अर्ज करण्याची आणि सिम तपासण्याची कामं वेबसाइटवरूनही होतात, त्यासाठी अॅप घ्यावंच लागत नाही.