चाळीस शिलिंगवाले मतदार (आयर्लंड)

चाळीस शिलिंगवाले मतदार म्हणजे आयर्लंडमधली छोटी कुळं, ज्यांना १८२९ पर्यंत (त्यातल्या कॅथलिकांना १७९३ पासून) पार्लमेंटच्या निवडणुकीत मत होतं, पण ते मत त्यांचं स्वतःचं कमी आणि जमीनदाराचं जास्त समजलं जायचं. कोकणातला खोत आणि त्याची कुळं डोळ्यासमोर आणा, फक्त इथे खोताला खंडाबरोबर मत पण वसूल करायचं होतं.

नियम मुळात इंग्लंडातला, १४३० सालचा. वर्षाला चाळीस शिलिंग म्हणजे दोन पौंड उत्पन्न देणारी मालकीची जमीन असेल तर काउंटीत, म्हणजे जिल्ह्याच्या मतदारसंघात, मत. आता कायद्यात हयातीचा भाडेपट्टा पण मालकीत धरला जायचा, म्हणजे पट्ट्यात दोन-तीन माणसांची नावं घालायची आणि त्यातला शेवटचा मरेपर्यंत पट्टा चालू. आयर्लंडच्या जमीनदारांनी नेमकं हेच हेरलं. खंड भागवून वर चाळीस शिलिंग सुटतात अशी कोर्टात शपथ घ्यायची, नाव नोंदवायचं, झाला मतदार. नोंदणीला कुळांना घेऊन जायचं काम इस्टेटीच्या कारभाऱ्याचं असायचं, आणि ज्याच्याकडे दोन वेळच्या बटाट्यांची मारामार तो पण दोन पौंड शिल्लक राहतात म्हणून बिनदिक्कत शपथ घ्यायचा. खोट्या शपथा उघड चालायच्या, कुणाला त्याचं फार काही वाटत नव्हतं.

कॅथलिकांचं मत १७२० च्या दशकात काढून घेतलेलं होतं, ते १७९३ च्या कायद्याने परत मिळालं. पार्लमेंटमध्ये बसायची बंदी मात्र तशीच राहिली. बहुसंख्य कुळं कॅथलिक आणि बहुतेक बडे जमीनदार प्रोटेस्टंट, त्यामुळे यानंतर मतदार 'तयार' करायला जोर आला. जास्त पट्टे म्हणजे जास्त मतं, जास्त मतं म्हणजे सरकारदरबारी वजन, मग भावाला नोकरी, पुतण्याला पद वगैरे. जमिनीचे तुकडे यामुळेच पडले असं सरसकट सांगितलं जातं ते जरा अति आहे, लोकसंख्या वाढत होती आणि बटाट्यावर एवढ्याशा तुकड्यात कुटुंब जगत होतं, ही कारणं त्यापेक्षा मोठी. पण मतांच्या हिशोबाने त्याला हातभार लागला हे खरं.

मतदान उघड असायचं. कुळाने काउंटीच्या गावी जायचं, सगळ्यांसमोर नाव सांगायचं, कुणाला मत ते तोंडाने बोलायचं आणि कारकून ते वहीत लिहून घ्यायचा. कारभारी बाजूलाच उभा. दुसऱ्याच्या कुळांकडे त्याला न विचारता मत मागायला जाणं हा जमीनदारांत अपमान समजला जायचा, त्यावरून द्वंद्वयुद्धापर्यंत गोष्टी जायच्या.

धाक दाखवायला घरातून हाकलायची गरज फार कमी पडायची. खरी नाडी थकबाकीत होती. बऱ्याच इस्टेटींवर नवीन कुळाकडून पहिल्या सहा महिन्यांचा खंड लगेच घ्यायचे नाहीत, तो मागे राहू द्यायचे, त्यामुळे माणूस कितीही वेळेवर पैसे भरत असला तरी वहीत कायम सहा महिन्यांचा देणेकरीच. एरवी ही सवलत वाटायची. मत चुकलं की दुसऱ्या आठवड्यात कारभारी सगळी बाकी एकदम मागणार, नाही दिली तर गाय-डुक्कर हाकलून कोंडवाड्यात, आणि तिथून लिलाव. हे कुळाला पक्कं माहीत असायचं, बोलून दाखवायची गरज नव्हती. आणि जिथे जमीनदार बरा होता तिथे कुळं आपणहून पण त्याच्या बाजूने जायची, पिढ्यानपिढ्यांचा संबंध, सगळंच भीतीपोटी होतं असं नाही.

हे गणित पहिल्यांदा मोठं फिसकटलं १८२६ ला वॉटरफर्ड काउंटीत. तिथे बेरेसफर्ड घराण्याचं वर्चस्व एवढं की जागा जणू घरचीच. कॅथलिकांचा पुढारी डॅनियल ओकॉनेल, त्याच्या कॅथलिक असोसिएशन या संघटनेने महिना एक पेनी वर्गणीतून पैसा उभा केलेला होता, पाद्री गावोगाव फिरले, आणि खुद्द बेरेसफर्डांची कुळं विरोधातल्या व्हिलियर्स स्टुअर्टला मत द्यायला लागली. लॉर्ड जॉर्ज बेरेसफर्डने मतदान संपायच्या आधीच माघार घेतली. नंतर थकबाकीची वसुली सुरू झाली तेव्हा त्याच वर्गणीतून कुळांना मदत दिली गेली.

मग १८२८, क्लेअर काउंटी. तिथला खासदार व्हेसी फिट्झजेराल्ड मंत्री झाला म्हणून नियमाप्रमाणे त्याला परत निवडून यायचं होतं. माणूस वाईट नव्हता, कॅथलिकांच्या हक्कांच्या बाजूचाच होता, पण ओकॉनेल स्वतः उभा राहिला, निवडून आलो तरी कॅथलिक म्हणून बसू देणार नाहीत हे माहीत असून. कुळं पाद्र्यांच्या मागे रांगेत एनिस गावात आली, दारू बंद, मारामारी बंद. निकाल २०५७ विरुद्ध ९८२. जमीनदार म्हणाले की कुळाच्या डोक्यावरचा मालक बदलला, आमच्या जागी पाद्री आला. यात तथ्य अजिबातच नाही असं नाही, पण पाद्री घरावर टाच आणू शकत नव्हता आणि जमीनदार आणू शकत होता, हा फरक ते सोयीने विसरले.

सरकारने १८२९ ला कॅथलिकांना पार्लमेंट उघडलं आणि त्याच झटक्यात मताची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेली. काउंट्यांतले मतदार सुमारे २ लाख १६ हजारांवरून ३७ हजारांवर आले. ज्यांच्या जोरावर लढाई जिंकली त्यांचंच मत गेलं, आणि ओकॉनेलने त्यासाठी फार काही आदळआपट केली नाही. ही गोष्ट त्याच्या चरित्रात नेहमी जरा हळू आवाजात सांगितली जाते. मत नसलेलं छोटं कूळ आता जमीनदाराच्या काही कामाचं राहिलं नाही.

१८३२ ला मताचे नियम बदलणारा सुधारणा कायदा झाला, त्यानंतर इंग्लंडमध्ये दरवर्षी मतदार यादी बनायला लागली. यादी चर्चच्या दारावर लागायची, काउंटीत नाव घालायला एक शिलिंग फी, आणि यादीतला कुणीही कुणाच्याही नावावर हरकत घेऊ शकायचा. पक्षांचे एजंट थोकात हरकती घालायचे, त्या माणसाने कामधंदा सोडून तपासणी करणाऱ्या वकिलासमोर जाऊन हक्क सिद्ध केला नाही तर नाव कट. त्याच कायद्यात लॉर्ड चँडोसने घुसवलेल्या कलमाने वर्षाला पन्नास पौंड खंड देणाऱ्या, पण पट्टाच नसलेल्या, मालकाच्या मर्जीवर बसलेल्या कुळांनाही मत मिळालं, म्हणजे हे जमीनदारांच्याच तब्येतीला मानवणारं, सांगायला नको. आयर्लंडमध्ये उलट. तिथे मताला पट्टा लागायचा, म्हणून पट्टाच द्यायचा नाही. हे १८५० च्या कायद्याने मोडलं, कर आकारायला बारा पौंड किंमत धरलेली जमीन कसणारा मतदार झाला, यादी गरिबांच्या मदतीसाठी घेतल्या जाणाऱ्या कराच्या वहीतून आपोआप बनायला लागली आणि मतदार तिपटीहून जास्त झाले.

तरी मत उघडच. १८५२ च्या जुलैत क्लेअरमधल्या सिक्समाइलब्रिजला एका बड्या इस्टेटीची कुळं गाड्यांत बसवून सैनिकांच्या पहाऱ्यात मतदानाला आणली जात होती, जमावाने दगडफेक केली, सैनिकांनी गोळ्या झाडल्या, सहा-सात माणसं मेली. वेल्समध्ये १८६८ ला कार्डिगन आणि कारमार्थनशायरमध्ये लिबरल उमेदवाराला मत दिलं म्हणून कुळांना जमीन सोडायच्या नोटिसा गेल्या, वेल्सचा खासदार हेन्री रिचर्ड याने ते प्रकरण पार्लमेंटमध्ये काढलं. या सगळ्यातून १८७२ चा गुप्त मतदानाचा कायदा झाला. त्यातही ज्याला वाचता येत नाही त्याची मतपत्रिका केंद्राधिकाऱ्याने उमेदवारांच्या एजंटांसमोर भरायची अशी सोय होती, आणि आयर्लंडच्या खेड्यांत असे मतदार भरपूर होते.