एकोपा आणि समन्वय: वरिष्ठांच्या बाबतीत होणारी गल्लत

‘आमचे सगळे हेड एकदिलाने काम करतात,’ असं अनेक मालक अभिमानाने सांगतात, आणि ते खरंही असतं. कोणी कोणावर आवाज चढवत नाही, मीटिंग वेळेत संपतात. तरीही महिनाअखेरीला डिस्पॅचची तारांबळ ठरलेलीच. याचं कारण, तिथे एकोपा असतो, समन्वय नसतो.

सुटे भाग बनवणारा एखादा कारखाना घ्या. दर चांगला मिळाला म्हणून परचेस हेड तीन महिन्यांचं स्टील एकदम उचलतात. सेटिंग बदलण्यात वेळ जाऊ नये म्हणून प्रॉडक्शन हेड एकच पार्ट आठवडाभर चालवतात. सेल्स हेडनी मात्र ग्राहकाला पाच पार्टच्या पूर्ण सेटचा शब्द दिलेला असतो. तिघांचेही आपापले आकडे उत्तम, भांडण काहीच नाही. पण पाचवा पार्ट नाही म्हणून बाकीचे चार पडून राहतात आणि पैसा मालात अडकतो. इथे कामगारांना ‘अजून जोर लावा’ म्हणणं अन्यायाचं आहे. घोळ वरच्या मजल्यावर झालेला असतो.

फोर्डचं उदाहरण मला यासाठी फार मोलाचं वाटतं. २००६ मध्ये अ‍ॅलन मुलाली बोइंगमधून तिथे प्रमुख म्हणून आले. दर गुरुवारी सगळ्या वरिष्ठांनी आपापल्या कामाची स्थिती हिरव्या, पिवळ्या किंवा लाल रंगात मांडायची, अशी पद्धत त्यांनी लावली. सुरुवातीला सगळीकडे हिरवंच! त्या वर्षी कंपनीचा तोटा १२ अब्ज डॉलरच्या वर गेला. मग फोर्डच्या अमेरिका विभागाचे प्रमुख मार्क फील्ड्स यांनी ‘एज’ या गाडीच्या नावापुढे लाल रंग दाखवला. मागच्या दारात दोष सापडल्यामुळे त्यांनी गाडी बाजारात पाठवणं थांबवलं होतं. खोलीत शांतता पसरली. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि ‘यांना कोण मदत करू शकेल?’ असं विचारलं. इतर विभागांचे प्रमुख लगेच पुढे आले. पुढच्या बैठकांमध्ये बाकीच्यांचेही लाल-पिवळे रंग दिसू लागले. फोर्ड सावरली ती एवढ्यानेच नाही. २००६ अखेरीस उभारलेलं प्रचंड कर्जही मंदीत कामी आलं. पण अडचण लपवून जपलेला एकोपा तिथे मोडला, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे काय आहे हे ओळखायचं असेल, तर मागच्या काही मीटिंगची मिनिट्स काढा. कंपनीचं काम पुढे जावं म्हणून एखाद्या हेडने आपल्या विभागाचा आकडा थोडा खाली जाऊ दिला, अशी एक तरी नोंद सापडते का? सापडली नाही, तर आधी केआरए, म्हणजे ज्यावर प्रत्येक हेडचं काम मोजलं जातं ती उद्दिष्टं, बदला. परचेस, प्रॉडक्शन आणि सेल्स या तिन्ही हेडच्या केआरएमध्ये ‘वेळेवर, पूर्ण डिस्पॅच’ हा एकच आकडा सामायिक ठेवा आणि त्याला खरेदीतल्या बचतीपेक्षा किंवा मशीनच्या वापरापेक्षा जास्त वजन द्या. मग स्टील किती उचलायचं, हे परचेसला प्रॉडक्शनशी बोलूनच ठरवावं लागेल.