उडणारा चिखल, चिकटणारा चिखल आणि मधलं मडगार्ड

माउंटन बाइकच्या पुढच्या चाकाला मडगार्ड लावावं का, असं विचारलं तर आंबोली-महाबळेश्वरकडे चालवणारा सांगेल, पावसाळ्यात त्याशिवाय घराबाहेर पडू नका. बारामती-सोलापूरकडचा म्हणेल, लावलेलं असेल तर आधी काढा. दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघांच्या डोळ्यांसमोरचा चिखल वेगळा आहे. लांबून दोन्ही सारखेच दिसतात, टायरखाली आल्यावर मात्र एक उडतो आणि दुसरा चिकटतो.

उडणाऱ्या चिखलात मातीपेक्षा पाणी जास्त. टायर तो उचलतो आणि फिरता फिरता भिरकावून देतो. पुढच्या चाकाचे शिंतोडे आधी वर आणि पुढे जातात, मग वेगात असलेला सायकलस्वार स्वतःच जाऊन त्यांच्यावर आदळतो. म्हणून उतारावर चष्मा दोन मिनिटांत बरबटतो. फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुशाखी भागाच्या, कमानीखाली बांधायचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा नेमके हे शिंतोडे अडवतो. त्याने कपडे काही फारसे वाचत नाहीत, पण डोळे वाचतात आणि फोर्कमध्ये धूळ जाऊ न देणाऱ्या सीलवर वाळूचा मारा कमी होतो. जांभ्याच्या तांबड्या वाटांवर, घाटातल्या मुरमावर, डांबरी रस्त्याकडेच्या राडीत हा तुकडा आपलं काम चोख करतो.

काळ्या जमिनीत गणित उलटतं. दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन तयार झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच खनिजामुळे. जांभ्यात प्रामुख्याने केओलिनाइट आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरलेली असतात. केओलिनाइटचे थर घट्ट बांधलेले असतात, त्यांच्यामध्ये पाणी शिरत नाही. त्यामुळे तिथे पाणी वाहून जातं आणि काळ्या मातीत ते मुरून लगदा होतो. हा लगदा टायरच्या गुट्ट्यांमध्ये, म्हणजे रबरी उंचवट्यांमध्ये, बसतो, त्यावर गवत आणि पाचट चिकटतं, मग पुन्हा माती. चाक फिरेल तसा टायर जाड होत जातो.

आता फोर्कच्या कमानीखाली वाकून पाहा. २.४ इंची टायर असेल तर वर जेमतेम बोटभर जागा असते. त्यातच मडगार्ड आणि ते आवळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची, म्हणजे झिप टायची, जाडी. जाड झालेला टायर या फटीत घासू लागतो, घासून निघालेली माती मडगार्डच्या आतल्या बाजूला थापली जाते आणि फट बंद होते. आधी खरखर ऐकू येते, मग पायाला जोर लागू लागतो, मग चाक थांबतं. चढावर हे फक्त वैतागवाणं असतं. उतारावर मऊ प्लॅस्टिक टायरबरोबर आत ओढलं गेलं तर तुम्ही थेट हँडलवरून पुढे. चाकाभोवती तारांच्या आधाराने बसणारी लांब मडगार्डं तर अशा वाटेवर नकोच. एसकेएस या जर्मन कंपनीच्या लांब मडगार्डांना अडकल्यावर सुटणारी क्लिप असते ती याच भीतीपोटी, आणि तीही रस्त्यावरच्या सायकलींसाठी.

बरं, रंगावर विसंबूनही चालत नाही. भातखाचराच्या बांधावरची मळलेली तांबूस माती काळीइतकीच चिवट असू शकते, आणि पाणी साचलेल्या पाणंदीतला काळा रबरबाट कधी कधी नुसताच उडतो. खरा फरक मातीत पाणी किती यावर ठरतो. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट आटरबर्ग यांनी १९११ मध्ये या पाण्याच्या सीमा मांडल्या. एका सीमेच्या वर चिकणमाती द्रवासारखी वाहते, दुसरीच्या खाली ती भुसभुशीत होऊन तुटते, आणि मधल्या पट्ट्यात तिला हवा तो आकार देता येतो. चाकं जॅम होतात ती या मधल्या पट्ट्यात. स्थापत्यवाले खालची सीमा काढायला मातीची वळी वळतात आणि ती साधारण ३ मिलिमीटर जाडीला तुटते का ते बघतात. वाटेवर हीच परीक्षा तळहातावर होते. चिमूटभर माती वळा. वळी होतच नाही, बोटांतून ओघळते, तर मडगार्ड राहू द्या. बारीक, लांब, न तुटणारी वळी झाली तर काढा. वळताच तुकडे पडले तर वाफसा आलाय, खुशाल चालवा.

यातून एक विचित्र गोष्ट निघते. "पाऊस थांबला की निघू" हा शहाणपणा काळ्या जमिनीत अंगाशी येतो. पाऊस चालू असताना वाट निदान अधूनमधून पातळ असते, थांबून थोडं ऊन पडलं की ती सुकता सुकता त्या चिकट पट्ट्यात शिरते. जूनच्या पहिल्या सरी सगळ्यात वाईट: वरचा थर भिजलेला, खाली कोरडं, आणि भिजलेला थर सोलून टायरबरोबर वर येतो. पाणंदीत मोटरसायकल आडवी पाडून काडीने पुढचं चाक मोकळं करणारा शेतकरी तेव्हा हमखास दिसतो. सायकलस्वारानेही काडी जवळ ठेवावी. आणि त्या अवस्थेत पेडल रेटू नये. गाळाने भरलेली चेन डिरेलरला (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला) ओढून तो जिथे टांगलेला असतो तो हँगर मोडते, मग पुढचं सगळं अंतर पायी.

मागचं मडगार्ड यात वेगळं पडतं. सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला, लावायचं असेल तर ते टायरपासून चांगलं वीतभर वर असतं, त्याला दोन्ही चिखलांत हरकत नाही. डाऊन ट्यूबखाली, म्हणजे हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या नळीखाली, लावायची पट्टीही तशीच. मोटोक्रॉसच्या मोटरसायकलींचं पुढचं मडगार्ड चाकापासून इतकं उंच असतं तेही म्हणूनच. उलट पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्यांच्या, म्हणजे चेनस्टेच्या, बेचक्यात माती भरते तिथे मडगार्ड काढूनही सुटका नाही. तिथे अरुंद टायरच हवा. २.४ ऐवजी २.१ घातला तर रुंदीत सुमारे ८ मिलिमीटर मिळतात. गुट्टे उंच आणि विरळ असले की माती झटकलीही लवकर जाते. काही जण निघण्यापूर्वी फ्रेमच्या आतल्या बाजूंना खाद्यतेल पुसतात. माती थोडा वेळ उशिरा धरते हे खरं, फक्त डिस्क आणि ब्रेक पॅडला त्याचा थेंबही लागू देऊ नका.

पुण्याच्या आसपास पंचाईत अशी की एकाच फेरीत टेकडीवरचा मुरूम आणि खाली ओढ्याकाठची काळी जमीन दोन्ही भेटतात. तिथे पुढचं मडगार्ड झिप टायने न आवळता वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधावं. काळी लागण्याआधी सोडायचं आणि पाठीवरच्या पिशवीत सरकवायचं. काडी सापडली नाही तर त्याचीच कडा फोर्क खरवडायला कामी येते.